पान एकशे बारावरचं ऊन

ती. आक्कास धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला गेला असेलच (नसला तरी ते कबूल करायचे नाहीत). मी सुखरूप आहे, फक्त तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

आमची प्रकाशनसंस्था तुला ठाऊकच आहे. ऐंशी वर्षं गांधीजींचे विचार स्वस्त पुस्तकांतून घरोघर पोचवतेय. रोज दुपारी तीनला आम्ही सगळे सूत कातायला बसतो, आणि ज्याच्या हातून चूक झाली त्यानं ती तेव्हाच, स्वतःच्या तोंडानं सांगायची, ही पहिल्या दिवसापासूनची रीत. माझं टेबल पश्चिमेच्या खिडकीशी. जेवणानंतर तिथे मुद्रितांवर असं ऊन येतं की अक्षरं पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी दिसतात, आणि त्यांच्याशेजारी मीही. अशाच एका दुपारी ‘शरीरश्रम’ हे प्रकरण तपासता तपासता मी पान एकशे बाराच्या समासात लिहून बसलो, ‘ऊन आले आहे, आता अर्धा तास पडावे.’ आमच्या खिळे जुळवणाऱ्या जुळारीकाकांना समासातला शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. त्यांनी ते निमूटपणे मजकुरात जुळवलं, आणि दोन हजार प्रती छापून झाल्या.

प्रती रद्दीत घालणं व्यवस्थापकांच्या तत्त्वात बसत नाही, आणि वाक्यावर कागद चिकटवणं म्हणजे लपवाछपवी. तेव्हा प्रत्येक प्रतीत कबुलीची चिठ्ठी चिकटवायची, खाली चुकणाऱ्याचं नाव, असं ठरलं. कातायच्या तासाला मी घसा साफ करतोय, तोवर काका म्हणाले, “जुळवलं मी, चूक माझी.” यंत्रवाले म्हणाले, “छापलं तर मीच.” बांधणीवाल्या मावशी म्हणाल्या, “मी घड्या घालताना वाचलं होतं. मला पटलं, म्हणून बोलले नाही.” आक्का, सगळ्यांनी चूक अशी वाटून घेतली की माझ्यापर्यंत येईतो काही उरलंच नाही. मी खाली मान घालून सूत काढत राहिलो (तेही तुटलं). पहिली कबुली काकांची, म्हणून चिठ्ठीवर त्यांचं नाव जाणार. चाळीस वर्षांत त्यांची एक चूक नाही, आणि पुढच्या महिन्यात ते निवृत्त होतायत. मला फार लाज वाटते.

तुझा,
धाकटा

ता. क. खळ लावायला तुझ्यासारखा हात कुणाचा नाही. दोन हजार चिठ्ठ्या आहेत. आठवडाभर येशील का? पत्र खरं तर त्यासाठीच.

आणखी ता. क. पाकीट बंद करण्याआधी हे पत्र कातायच्या तासाला सगळ्यांना वाचून दाखवलं. चिठ्ठीवर आता माझं नाव आहे. काकांनी शेवटपर्यंत ऐकून एकच दुरुस्ती सुचवली : समासात मी ‘पाऊण तास’ लिहिलं होतं.