विलंबमाफीच्या अर्जातलं आजारपण

अप्पा, कागदोपत्री तुम्ही गेल्या वर्षी वारलात. त्याआधी कित्येक महिने अंथरुणाला खिळून होतात, मी रात्रंदिवस तुमच्या उशाशी बसून होते, म्हणून आपल्या वर्कशॉपचा जीएसटी नंबर रद्द झाल्याचं मला कळलं नाही आणि अपिलाला उशीर झाला, असं वकिलानं शपथपत्रात लिहिलं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. वाचून मला हसू यायला पाहिजे होतं. आली ती किळस.

जीएसटी म्हणजे तुमच्या वेळच्या सेल्स टॅक्सच्या जागी आलेला कर. नंबर असला तरच काम देणारी कंपनी आपलं बिल घेते. नंबर गेला की शेड, भट्टी, माणसं सगळं असून नसल्यासारखं. बजाजनगरच्या मागं तुम्ही ग्रिलं-गेटं करायचात त्याच शेडात मी आता कंपनीच्या लोखंडी भागांना पावडर कोटिंग करते, म्हणजे रंगाची पूड मारून भट्टीत भाजते. मधे कंपनीनं मॉडेल बदललं आणि आपलं काम थांबलं. भट्टी थंड पडली. कितीतरी महिने एक बिल फाडलं नाही. बिलच नाही तर रिटर्न कशाचं भरायचं, असं मी धरून चालले. पण नाही. काही विकलं नाही हेसुद्धा वेळच्या वेळी सरकारला कळवावं लागतं, नाहीतर नंबर रद्द. तसा झाला.

नोटीस येईल, मग बघू, असंही मनात होतं. तुमच्या वेळी ऑफिसचा शिपाई सायकलवर नोटीस घेऊन यायचा. तुम्ही त्याला खुर्ची द्यायचात, चहा पाजायचात, मग सही करायचात. मी शाळेत असताना एकदा त्याला दारातूनच "अप्पा घरी नाहीत" म्हणून वाटेला लावलं होतं. तुम्ही आतून आलात ते लालबुंद होऊन. "मी इथं धडधाकट बसलोय अन् नाय म्हणतीस व्हय गं?" असं म्हणत अनवाणी त्याच्यामागं पळालात. तेव्हापासून सरकारी कागद दारात येतो आणि तो माणसानं हातात घ्यायचा असतो, एवढंच माझ्या डोक्यात बसलेलं. आता दारात कुणी येत नाही. नोटीस कॉम्प्युटरवर येते आणि ईमेलवर जाते, आणि तो ईमेल होता आपल्या टॅक्सवाल्याचा. सगळ्या गिऱ्हाइकांच्या फॉर्मवर हा बाबा स्वतःचाच ईमेल आणि स्वतःचाच मोबाइल टाकतो. सगळेच तसं करतात म्हणे.

कंपनीचं काम पुन्हा आलं, पहिलं बिल पाठवलं आणि ते परत आलं. नंबर रद्द आहे, तो चालू करा, नाहीतर काम दुसरीकडं देतो. मी तडक पुंडलिकनगरला टॅक्सवाल्याच्या घरी. तो बनियनवर बसून पोहे खात होता. "ताई, तुमचा फोन नाय, काय नाय. मी समजलो तुम्ही शेड बंद केलं." नोटीस बघितली होतीस का? "बघितली ना." मग सांगितलं का नाहीस? यावर त्यानं लिंबू पिळलं. खरं सांगते, अप्पा, ती बशी त्याच्या डोक्यावर उपडी करावीशी वाटली.

अपिलाला तीन महिने, वर एक महिना अपील ऐकणाऱ्या साहेबाच्या मर्जीवर, आणि तो सगळा काळ कधीच उलटून गेलेला. वकिलानं एकच विचारलं, "वडील आहेत का?" मी म्हटलं, नाहीत. "बस्स, झालं काम." कधी गेले, कसे गेले, काही नाही. दुसऱ्या दिवशी तुमचं दुखणं टाइप होऊन तयार. मी भडकले तर उलट मलाच समजावतो, "मॅडम, सगळ्यांच्या अर्जात हेच असतं. सर्टिफिकेट कोण मागतंय?"

शेडातले आपले मिस्त्री चाचा तुमच्या हाताखाली वेल्डिंग शिकले. मला वाटलं, ते तरी चिडतील. ते बिडी विझवून म्हणाले, "लिख दे ना बेटी. अप्पा होते तो खुदच बोलते, मारो मेरे कू और एक बार." कामावरची पोरं कान देऊन ऐकत होती. त्यांच्याही घरी चूल आहे, त्यांना काय बोलणार? तरी मी ते पान काढायला लावलं. लिहायला सांगितलं की काम बंद होतं, नियम माहीत नव्हता, नोटीस माझ्यापर्यंत आली नाही. वकील म्हणाला, एवढं साधं कारण बरं दिसत नाही. शी! खरं बोलायलासुद्धा याला लाज वाटत होती.

सुनावणीला बाकावर माझ्या शेजारी एक किराणावाला होता. त्याच्या अर्जात आई अत्यवस्थ होती आणि आई त्याच्या पलीकडं बसून शेंगा खात होती. मला म्हणाली, "घे बाई, भाजलेल्या हायत." साहेबांनी आमचे दोघांचेही अर्ज फेटाळले. माझा तर उघडून वाचलाही नाही. "महिन्याच्या पुढचा उशीर माफ करायचा अधिकारच मला नाही. कारण काहीही असो." म्हणजे तुम्ही मेलात काय अन् जगलात काय, त्यांना सारखंच. हे वकिलाला ठाऊक होतं. ठाऊक असून तो माणसं आजारी पाडतो, कारण अर्जात तेवढी जागा रिकामी असते.

मग हायकोर्टाच्या खंडपीठात गेलो. तिथं अडलेली रिटर्नं भरा, दंड भरा, नंबर चालू करा, असा आदेश झाला. आजारपण कुणी विचारलंच नाही. भट्टी पुन्हा पेटली, चाचांनी पेढे वाटले, वकिलालाही दिले. तो मिटक्या मारत खात होता.

तुम्ही कसे गेलात ते मला दुसऱ्यांनी सांगितलं. खुलताबादला कुणाचं तरी गेट बसवायला गेला होतात, छातीत कळ आली, एका फुलवाल्यानं दुकानातल्या बाजेवर निजवलं, पाणी पाजलं. मी सासरी लातूरला होते. पोचले तेव्हा तुम्हाला आंघोळ घालून ठेवलेलं होतं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. मी काढायला लावलेलं ते पान वकिलानं चुरगळून टोपलीत टाकलं होतं. तो फोनवर बोलत बाहेर गेला तेव्हा मी ते उचललं. घरी सरळ केलं. त्यात लिहिलंय की अर्जदार वडिलांना स्वतःच्या हातानं औषध देत होती. धादांत खोटं आहे. मी ते अधूनमधून वाचते.