बागेतल्या दोन खोल्या आणि चौथा नियम

ब्रिस्टल, मंगळवार

तीर्थरूप वन्संना लीलावतीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? इथे तुमचे बंधू ठणठणीत, आणि माझं बीपीही (गोळी आठवली तर) ठीक.

"भावाकडे येऊन भाड्याच्या खोलीत उतरू? मी काय लॉजवर येतेय?" हे तुमचं वाक्य ह्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. अहो वन्सं, रागावण्याआधी ऐका तरी! बागेतल्या त्या दोन खोल्या साध्यासुध्या नाहीत. पाहुणे दारावरच्या पेटीतून किल्ली घेतात आणि आपले आपण राहतात, आम्ही मध्ये नसतोच. म्हणूनच आगीची व्यवस्था चोख लागते. एक अलार्म वाजला की सगळे बोंबलतात. दार आतून किल्लीशिवाय उघडतं. दारापाशी चप्पलसुद्धा ठेवू देत नाही (आपल्या माणसांना हे सांगताना घसा बसतो). भिंतीवर माझ्या अक्षरात पाच नियम आहेत, मराठीत आणि इंग्लिशमध्ये. चौथा सगळ्यांत ठळक: कशासाठीही परत आत जायचं नाही. तपासणीच्या बाई म्हणाल्या, "मिसेस देवस्थळी, ब्रिलियंट!" एवढं कौतुक लग्नात माझ्या रुखवताचंही झालं नव्हतं (तुम्ही होतातच म्हणा).

आणि हे नुसतं कागदावर नाही हो. प्रत्येक पाहुण्याची ड्रिल मी स्वतः घेते. रविवारी हाउन्सलोचे राजीव-मंजिरी आणि त्यांची दहा वर्षांची सान्वी उतरले होते. सकाळी अकराला मी अलार्मचं बटण दाबलं, आणि सत्तेचाळीस सेकंदांत तिघंही सफरचंदाच्या झाडाखाली! मंजिरी तर केसांना टॉवेल गुंडाळलेली तशीच आली. ऊर भरून आला माझा. मग तिथेच उभं राहून मी त्यांना नियम समजावले, चांगली वीस मिनिटं. आता सांगा, अख्ख्या ब्रिस्टलमध्ये याहून सुरक्षित जागा मिळेल तुम्हाला? तेव्हा हट्ट सोडा आणि तिथेच उतरा.

तुमची,
लीलावती

ता. क. त्या वीस मिनिटांत आमच्या घरात चकल्यांचं तेल गॅसवर राहिलं होतं. माणसं सुखरूप आहेत, स्वयंपाकघर नाही. घरातला अलार्म वाजला नाही, कारण दर फोडणीला कोकलतो म्हणून त्याची बॅटरी मीच काढून ठेवली होती. मी तुमच्या लोणच्याच्या बरणीसाठी आत धावले, तर सान्वीने माझं कार्डिगन घट्ट धरलं, "आजी, नो! आत नाही जायची, रूल फोर!" फायर ब्रिगेडला फोनही त्या पोरीनेच केला.

ता. ता. क. घर दुरुस्त होईपर्यंत आम्ही दोघंही बागेतल्या खोलीतच राहतोय. दुसरी तुमची. म्हणजे भाऊ राहतो तिथेच उतरणार तुम्ही, लॉजवर नाही. येताना लोणचं तेवढं आणा.