मंत्र्यांना माझा नकार

ती. आईस साष्टांग नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवतोही वेळेवर. तुझे गुडघे कसे आहेत?

इथे दोन देशांत समुद्राच्या हद्दीची बोलणी चालली आहेत. आपल्या मंत्र्यांना निवडणुकीआधी करार हवाय, मग आपलं मासेमारीचं पाणी त्यांच्याकडे गेलं तरी चालेल. मला म्हणाले, "मच्छीमारांतर्फे तेवढं हो म्हणा."

चहाच्या वेळी पलीकडचे कुजबुजले, "यांना घाई आहे, ताणून धरा." भर समुद्रात वीस वर्षं भांडून मी त्यांची भाषा शिकलोय, हे त्यांना कुठे ठाऊक!

मी मंत्र्यांना म्हटलं, "साहेब, आमचे मच्छीमार ऐकत नाहीत, असं सांगा त्यांना. माझा नकार हाच तुमचा जोर." ते भडकले. उद्या मला परत धाडतील कदाचित. धाडू देत.

धाकट्याला सांग, होडी विकायचं मनातही आणू नकोस. ते पाणी माझ्या सहीने जाणार नाही.

तुझा हट्टी थोरला