विजूताई डोंगरात निघाली

उमापूर,
२ डिसेंबर २०२४

ती. विजूताईस,
अमरसिंहचा सा. न. वि. वि.

तू माझा फोन उचलत न्हाईस, म्हणून पत्र. पाटोद्यापासून सौताड्याच्या दरीपर्यंत चार दिवस जंगलातून पायी जायचं तुझ्या डोक्यात हाय म्हणे. सोबतीला कोण, तर दवाखान्यात तुझ्या वॉर्डात भेटलेली ती सुनिता! दोन म्हाताऱ्या, तिला दिसत न्हाई, तुझी गेल्या साली ऑपरेशनला छाती उघडलेली. आपल्या घरातल्या बाया शेतात जायच्या तरी जीपनं जातात, आणि तू बिबट्याच्या रानात काठी टेकत फिरणार. लोक मलाच हसतील. गेलीस तर उमापूरचं दार तुला बंद.

रागावलेला, तरी तुझाच,
अमरसिंह

अंबाजोगाई,
७ डिसेंबर २०२४

चि. अमरसिंह यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सुनिताला वाचून दाखवलं. पोट धरून हसली. माझ्या ऑपरेशनला तू आलास तो फोटो काढण्यापुरता, हे मी विसरले नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, वनखात्याची परवानगी मिळालीय, मुक्काम वस्त्यांवर आहेत. बाई घराबाहेर पडली की तुला लोक दिसतात, बाई दिसतच नाही. एवढी काळजी असेल तर चल सोबत. येणार नाहीस म्हणा. सरपंच झाल्यापासून तू पानटपरीवरही गाडीनंच जातोस.

माया आहे म्हणूनच इतकं बोलते.
तुझी ताई

अंबाजोगाई,
२४ डिसेंबर २०२४

चि. अमरसिंह यास आशीर्वाद.

घोट्याची सूज उतरली का? पांढरे बूट घालून तू पाटोद्यात हजर झालास, तेव्हा क्षणभर अभिमान वाटला. तो पहिल्या खिंडीपर्यंतच टिकला. तिथं दगडावर बसलास आणि मला म्हणालास, 'मी दमलो न्हाई, तुझ्यासाठी थांबलोय.' धाप मात्र सुनितालाही ऐकू येत होती. मग ड्रायव्हरला गाडी घेऊन खिंडीच्या पायथ्याशी बोलावलंस आणि मलाही माघारी चल म्हणून हट्ट धरलास.

तू उतरून गेलास, आम्ही दोघींनी दरी गाठली. सालईच्या झाडांतून जाताना एकदा छातीत कळ आली, फार भ्याले. सुनिताला सांगितलं नाही. बसले, पाणी प्याले, उठले. वर्षभरात पहिल्यांदा मला कुणी आजारी म्हणून वागवलं नाही. दार बंद असो वा उघडं, संक्रांतीला मी येणारच.

खिंडीतून उतरताना तुझी पावलं सारखी थांबत होती, तू मागं वळून पाहत असणार, असं सुनिता सांगते. मी पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर तुझ्यामागं उतरले असते.

लोभ असाच भांडत राहू दे.
तुझी ताई