पाऊल आत पडतं त्याबद्दल

हळ्ळीखेड (बी)

संतपूरचे श्री. चन्नबसप्पा अण्णा यांना राजशेखरचा शरणु शरणार्थी.

घरी सगळे खुशाल असतील, सोयाबीन घरात आलं असेल आणि तुमची धरलेली कंबर सुटली असेल अशी आशा करतो. गेल्या वर्षापर्यंत मी तुम्हाला 'अरे चन्ना' म्हणायचो. आता तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून 'अहो' म्हणून पत्र धाडतो. (पत्र कट करता येत नाही.)

आमची खुशाली विचाराल तर गेल्या आठवड्यात कलबुर्गीत मला असा धक्का बसला की अजून घास गोड लागत नाही. आमचा वीरेश पोलीस भरतीसाठी पळतोय. सोळाशे मीटर, साडेसहा मिनिटांत, आणि आता अठराच दिवस उरलेत. त्यात त्याच्या नडगीत कळ निघायला लागली. गुरुबाईनं तेल चोळलं, मी ओरडलो, कशानंच फरक पडला नाही. शेवटी आम्ही नवराबायको त्याला घेऊन बूट बघायला गेलो.

दुकानातल्या नागरत्ना नावाच्या मुलीनं पोराला गिऱ्हाइकांसमोर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणी चालायला लावलं! स्वतः खाली बसून मागून टाचा बघत होती, वर फोनवर चित्रण. (मी तूर घेताना दाणासुद्धा एवढा निरखत नाही.) मग म्हणाली, "टाच थोडी आत झुकायलीय. लई न्हाई, थोडीच."

अण्णा, हाच दोष मी कुठं काढला होता ते तुम्ही विसरला नसाल. तुमच्या अंगणात मी चैत्राला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालायला लावलं, आणि पाऊल आत पडतं म्हणून वीरेशसाठी तुमची लेक नको म्हटलं. वर भजी खाऊन आलो.

तरी मी हार मानली नाही. हा दोष गुरुबाईच्या माहेरचा, असं दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. दाराशी काढलेली माझी चप्पल तिनं उचलली आणि सगळ्यांसमोर पालथी केली. आतली कड झिजून कागद झालेली, बाहेरची अजून कोरी. नागरत्ना म्हणाली, "अप्पा, तुमचं पाऊल तर जास्तच झुकायलंय की!"

मग मी सगळ्यात जड जोडा निवडला. (तीस वर्षं आडत केली, वजन असेल तोच माल चांगला हे मला ठाऊक.) तर ती म्हणे, झुकाव थोडा तर आधारही थोडाच पाहिजे, जास्त झाला तर दुसरीकडंच दुखेल. तिनं एक हलका जोडा काढला आणि दोन्ही आळीपाळीनं घालायला लावून पोराला गल्लीत पळवलं. जड जोड्यात धापा टाकत आला. हलक्यात, ज्याच्या आतल्या बाजूला जरासाच घट्ट आधार होता, हसत आला. तोच घेतला.

एवढ्यात त्याच्या पिशवीत जुने बूट दिसले. विचारलं, "हे कामून आणलास?"

"चैत्रा म्हणाली, झिजलेला तळ दाखव, मग त्यांना कळतंय."

"कुठली चैत्रा?"

"संतपूरची. बीदरच्या मैदानावर तीबी भरतीसाठीच पळायलीय. फाटक्या बुटांत माझ्या म्होरं असती."

अण्णा, मला लाज वाटली. अजून वाटते.

वडीलधाऱ्यांना नमस्कार. पूर्वी तुमचा लोभ होता, तो परत मागतो.

आपला
राजशेखर

ता. क. वीरेशची कळ कमी झालीय.

दुसरा ता. क. पत्राचं खरं कारण वर लिहायला धीर झाला नाही. वीरेश म्हणतो, करीन तर चैत्राशी. येत्या सोमवारी आम्ही येतो. या वेळी खुर्चीत चैत्राला बसवा. अंगणात वीरेश चालेल, अनवाणी, ती म्हणेल तितक्या वेळा. गुरुबाई मला म्हणते, 'आधी तुम्ही चालायचं.' चालेन. भजी नकोत.

तिसरा ता. क. चन्ना, सोमवारी दार उघडू नकोस हवं तर. पण भरतीच्या आधी पोरीला त्या दुकानात पाठव, नागरत्नाला सांगून ठेवलंय. आमच्या घराला ती 'न्हाई' म्हणाली तरी जोडा तिचाच.