अठ्ठावीस सेकंदांची किंकाळी

लातूर,
मंगळवार, २१ नोव्हेंबर २०१७

चि. शिवांगीस, पप्पांचे आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे, दुकान चालू आहे, थंडी अजून म्हणावी तशी पडलेली नाही.

दोन गाण्यांतलं कोणतं ठेवायचं ते विचारायला तू पेनड्राइव्ह पाठवलास, आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतंस, दुसऱ्या गाण्यातली किंकाळी अठ्ठावीस सेकंदांची आहे म्हणून. मी बसल्या बसल्या तिची खरी किंमत मांडून पाहिली. चार महिने पहाटेचा सराव, तोही उशीत तोंड खुपसून. दोन खोल्या सुटल्या, कारण एका घरमालकाने पोलीस बोलावले आणि दुसऱ्याने अंगारा आणला. लोणचं बंद, आइस्क्रीम बंद. गिटारवाल्या आलोकशी तीन भांडणं. आणि या सगळ्यावर माझा गेल्या आठवड्यातल्या सोमवारचा एका ओळीचा मेसेज: ‘पहिलं ठेव, दुसरं पुसून टाक, त्यात जीव न्हाई.’

काल तुझ्या खोलीवरच्या अपूर्वाचा आईला फोन आला. तू येत्या शनिवारी स्टुडिओत पहिलंच पक्कं करणार आणि किंकाळी कायमची पुसणार. वर म्हणालीस म्हणे, पप्पांचा कान चुकत नाही. आणि माझा मेसेज आला त्या दिवशी जेवली नाहीस.

तर आधी एवढं वाच. पुसू नकोस. कुरिअरवाला गुरुवारी पोचतं करीन म्हणालाय. कारण सांगतो, पण माझ्या पद्धतीनं सांगू दे.

तुझं हे मेटलचं, गुरगुरत म्हणायचं गाणं मला कळत नाही असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. बारावीनंतर रिपीटच्या वर्षी तू स्वयंपाकघरात पहिल्यांदा गुरगुरलीस, तेव्हा आईने धावत जाऊन मिक्सरची पिन उपसली होती. मी खाली दुकानात होतो. मी तिथूनच म्हणालो, ‘मिक्सर नाही, पोरीचा गळा हाय, आणि पोटातून येऊन राहिलाय.’ क्लास सोडलास तेव्हा चिडलो, ते क्लाससाठी. गळ्यासाठी कधीच नाही.

कानाचं माझं तुला ठाऊक आहे. लोह्याहून नांदेडला आलो तेव्हा खिशात एक टेस्टर होता, दुसरं काही नव्हतं. शंकरप्पांच्या दुकानात भोंगे दुरुस्त करायला बसलो. शंकरप्पा गिऱ्हाइकासमोर माझे डोळे रुमालानं बांधायचे आणि पाच भोंगे वाजवायचे. कोणत्याचा पडदा फाटलाय ते मी सांगायचो. ‘पोरगं न्हाई, मीटर हाय,’ म्हणायचे. आज इथं लातुरात क्लासेसचे अकरा हॉल माझ्या माईक-स्पीकरच्या मशीनवर चालतात. राघवेंद्र सरांच्या फिजिक्सला नऊशे मुलं बसतात. शेवटच्या बाकालाही सरांचा शब्द टणटणीत. यंदाची मुलं तर इतकी अभ्यासू, की बाहेरचा गलबला नको म्हणून कानात कापूस घालून बसतात. तरीही सरांचा शब्द न् शब्द त्यांना पोचतो. दुसऱ्या कुणाच्या मशीननं हे करून दाखवावं.

आता भूकंपाचं. हे तुला अर्धंच सांगितलं होतं.

त्र्याण्णव साली किल्लारीकडं मी टेम्पोत दोन भोंगे आणि बॅटरी टाकून गेलो होतो, पुकारा करायला. तिसऱ्या दिवशी एका वाडीत शिट्टी झाली. शिट्टी झाली की सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, गाड्या बंद करायच्या, ढिगाऱ्याखालून काही येतंय का ऐकायचं. मी माईक दगडांच्या फटीत सोडला, मशीन पूर्ण चढवलं आणि हेडफोन कानाला लावला. खालून गुरगुर आली. जाड, चिखलातून ओढल्यासारखी. सोबतचे म्हणाले, ‘म्हैस असल हो, चला पुढं.’ मी म्हणालो, म्हैस अशी थांबून थांबून गुरगुरत न्हाई. ह्यो माणूस हाय, दम जपून वापरून राहिलाय.

दोन तासांनी मलप्पा गवंडी बाहेर आला. हो, तोच, दर संक्रांतीला हुरडा घेऊन येतो तो. तुला वाटायचं त्याचा आवाज बिडीनं बसलाय.

त्यानं नंतर सांगितलं, पहिल्या दिवशी तो किंचाळला. दुसऱ्या दिवशी किंकाळी संपली. उरली ती गुरगुर. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं: किंचाळणं म्हणजे घाबरणं, गुरगुरणं म्हणजे जगायचं ठरवणं. तुझी गुरगुर मला का आवडते ते आता कळलं असेल. तुमच्या त्या गाण्यांत बाकीचे लोक बँडचा वेग बघतात, गिटार बघतात. मी गळा ऐकतो. कोण नुसता घसा खरवडतोय आणि कोण बेंबीपासून काढतोय, ते मला पहिल्या ओळीत कळतं. तू बेंबीपासून काढतेस.

हे मत मी तुला असंच लिहून पाठवणार होतो, आणि तू मानलंही असतंस.

पण गेल्या बुधवारी दुपारी मी दुकानात तुझं दुसरं गाणं मोठ्या स्पीकरवर परत लावलं. आई चहा घेऊन खाली आली आणि कपबशी हातात धरून तशीच उभी राहिली. गाणं शेवटाकडं आलं. मी म्हणालो, ‘बघ, इथं पोरीनं जागा मोकळी सोडलीया. नुसता ड्रम. इथंच गाणं पडतं.’

आई म्हणाली, ‘मोकळी कुठली? तिथंच तर किंचाळून राहिली ती.’

मी परत लावलं. ड्रम, आणि दाराआडून कुणीतरी बोलावं तसं काहीतरी. आईकडं पाहिलं तर तिच्या अंगावर काटा. तिनं कपबशी काउंटरवर ठेवली. म्हणाली, ‘लेकरू कुणाशी तरी भांडून राहिलंय बगा. पण भिऊन न्हाई. जिंकून राहिलंय.’ मग माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि हळूच विचारलं, ‘तुमाला येत न्हाई का ऐकू?’

मी म्हणालो, स्पीकरचा बारीक आवाज काढणारा ट्विटर गेलाय. स्पीकर उघडला. ट्विटर चांगला होता.

शनिवारी माल आणायला म्हणून नांदेडला गेलो आणि कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं बसलो. काचेच्या खोक्यात बसवतात, हेडफोन लावतात, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मी पहिल्यांदा सगळ्या शिट्ट्या बरोबर दाबल्या. बाई म्हणाल्या, ‘दयानंदराव, खुर्ची जरा भिंतीकडं फिरवा.’ काचेतून त्यांचं बोट हललं की मी दाबत होतो, हे त्यांनी ओळखलं. हुशार बाई. खुर्ची फिरवल्यावर मी बराच वेळ बसून राहिलो. मला वाटलं त्या चहा प्यायला गेल्या.

नंतर त्यांनी कागद दाखवला. रेघ डावीकडं चांगली वर चालते आणि उजवीकडं विहिरीत पडते. जाड आवाज शाबूत आहेत, बारीक आणि चिरके गेलेत. एका दिवसात नाही, दहा वर्षांत, भोंग्यांशेजारी उभं राहून. ‘माणसाला कळत नाही,’ म्हणाल्या, ‘त्याला वाटतं लोकच पुटपुटायला लागलेत.’

म्हणजे फोनवर तू बोलायचीस आणि मी ‘हं, हं, बरं’ करून आईकडं द्यायचो, ते रागानं नव्हतं. क्लास सोडल्याचा राग दोन महिन्यांत उतरला होता. तुझा आवाज फोनमध्ये तुटक तुटक यायचा, आणि ‘काय म्हणालीस’ असं तिसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटायची. मीटर म्हणवून घेतलेल्या माणसाला लाज फार. तू दोन वर्षं काय समजलीस ते मला कळत होतं, आणि मी समजू दिलं.

आणि हेही लिहितो, मग पेन ठेवतो. शनिवारी सगळं कळलं होतं. रविवारी मेसेज करता आला असता. केला नाही. वाटलं, तू पहिलंच निवडशील, तेही चांगलंच आहे, कुणाला काय कळतंय. काल अपूर्वानं ‘ती जेवली नाही’ म्हटलं तेव्हा आईनं नुसता लेटरपॅड आणून समोर ठेवला.

तेव्हा माझा निकाल रद्द समज. दुसरं ऐकलेला या घरातला माणूस तुझी आई आहे, आणि तिचं मत वर लिहिलंय. तुझं स्वतःचं मत तू चिठ्ठीत लपवलं होतंस, पण ज्यासाठी दोन खोल्या सोडल्यास ते तुला आवडत नसेल असं मला वाटत नाही. आलोकला सांग, म्हातारा किंकाळीच्या बाजूनं आलाय. आनंदानं आलाय.

पुढच्या आठवड्यात कानातलं मशीन बसतंय. ते लावलं की तुझं दुसरं गाणं पहिलं ऐकणार. त्यानंतर फोन करीन, आणि आईकडं देणार नाही.

जेवत जा.

तुझी गुरगुर पुरती ऐकलेला आणि किंकाळी ऐकायची राहिलेला,
पप्पा

ता. क. आज दुपारी राघवेंद्र सरांच्या हॉलवर जाऊन ट्रेबलचं, म्हणजे चिरक्या आवाजाचं बटण नवावरून चारावर आणलं. पाच मिनिटांत पहिल्या बाकावरच्या पोरीनं कानातला कापूस काढून दप्तरात ठेवला. मग दुसरीनं. मग सगळ्या रांगेनं.