फलकावरचा नळ

अण्णा,

परवा एक मुलगा आणि एक मुलगी घरी आली होती. शहराची नवी ओळख तयार करायचं काम त्यांच्या कंपनीला मिळालंय म्हणे. पूर्वी अशी काही खटपट झाली होती का, हे शोधत शोधत ती माझ्यापर्यंत पोचली. त्यांच्याजवळ एक जुना फोटो होता, कडा पिवळ्या पडलेला. मुंबईकडून शहरात शिरताना लागायचा तो पत्र्याचा लांबलचक फलक. द्राक्षांचे घड, कारखान्याची चिमणी, नदीचा घाट, आणि उजव्या कोपऱ्यात एक नळ, त्याच्याखाली भरून वाहणारा हंडा. मुलगी म्हणाली, "मॅडम, हा नळ कसला भारी आहे! कोणी रंगवला हो?" मी चष्मा पुसला, फोटो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "आठवत नाही गं." मग त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली. ती गेल्यावर दार लावून घेतलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी तुम्हाला ओळख दाखवत नाही.

तुम्ही पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, रसवंतीचे बोर्ड, एप्रिलात जयंतीची कमान. तुमची एक रीत होती. भिंत कोणाच्याही जाहिरातीसाठी रंगवायची असो, तुम्ही आधी भिंतीमागे राहणाऱ्यांच्या दारात जायचात. तिथे चहा घ्यायचात आणि विचारायचात, "तुमच्या भितीवर काढतोय, तुमाला काय पायजे?" कोणी म्हणायचं मोर काढा, कोणी म्हणायचं पोरीचं नाव लिहा. मग साबणाच्या वडीशेजारी, एका कोपऱ्यात, हातभर जागेत तो मोर यायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं तर तुम्ही हसून म्हणायचात, "भित त्यांची हाय शेठ, मी नुसता रंग आणलाय." लहानपणी मला याचा केवढा अभिमान! तुमची दोरी धरायला मीच असायचे. गेरूत बुडवलेली दोरी भिंतीवर ताणायची, तुम्ही मधोमध चिमटीत धरून सोडायचात, आणि सरळ लाल रेघ उमटायची. त्या अभिमानाची लाज कधी झाली, ते मला आजही नेमकं सांगता येत नाही.

मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले आणि व्यापारी-कारखानदारांनी काढलेल्या त्या प्रसिद्धी समितीत नोकरीला लागले. अर्जावर पत्ता लिहिताना मी आपल्या वस्तीचा लिहिला नाही, देवळाली कॅम्पातल्या मामांचा लिहिला. तुम्ही विचारलंत, तेव्हा "पत्रं नीट पोचतात तिकडे" असं सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. संध्याकाळी मी एक स्टॉप आधीच उतरायचे आणि कोणी बघत नाही ना, ते पाहून वस्तीकडे वळायचे. दारात पाय ठेवला की पर्स खुंटीला आणि हंडा डोक्यावर. रस्त्यापलीकडच्या गॅरेजवाल्याने भरू दिलं तर पाणी, नाहीतर पार विहिरीपर्यंत. चुंबळीखाली विरळ झालेले माझे केस नंतर कधी दाट झालेच नाहीत.

आमच्या समितीचे साहेब खरंच हुशार होते, वाईट तर मुळीच नव्हते. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "नाशिक म्हटलं की बाहेरच्या माणसाला अस्थी आठवतात. लोक आपल्या गावात रडायला येतात. कारखाना काढायला कसे येतील?" गावाचं नाव बदलत नाही, पण नावाबरोबर डोळ्यांपुढे जे येतं ते बदलता येतं, असं त्यांचं म्हणणं. मग पत्रिका निघाल्या, नकाशे निघाले. हवा, द्राक्षं, रेल्वे, स्वस्त जमीन. वर छापायला एक ओळ हवी होती, ती मी सुचवली: हवा गोड, पाणी गोड, माणसं त्याहून गोड. साहेबांनी टेबलावर हात मारला. घरी येऊन मी तुम्हाला ती ओळ ऐकवली. आई कोपऱ्यात रिकामा हंडा पालथा घालत होती. तिने एकदा वर बघितलं आणि पुन्हा कामाला लागली.

मुंबईचे कारखानदार बघायला यायचे ठरले. साहेबांनी मला आणि फोटोग्राफरला जीपमध्ये घातलं आणि पाहुणे ज्या रस्त्याने येणार तो घोटीपासून शहरापर्यंत तपासला. शहर लागलं तशी जीप थांबली. साहेबांनी बोट दाखवलं. "हे काय? गावात शिरताना पहिलं दर्शन हेच?" समोर आपली वस्ती. पत्र्यावर वाळत घातलेलं तुमचं रंगांचे डाग पडलेलं धोतर मला जीपमधून दिसत होतं. आणि मग माझ्याच तोंडून निघालं, "इथे लांब फलक उभा केला तर मागचं काही दिसणार नाही, साहेब." साहेब म्हणाले, "वा! पेंटर आहे का कोणी चांगला?" मी म्हणाले, "ओळखीचे आहेत एक."

ओळखीचे! दुसऱ्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून ऑफिसात आलात, दारातच चपला काढल्यात आणि मला म्हणालात, "नमस्कार मॅडम." मी तुम्हाला काही शिकवून पाठवलं नव्हतं, तरी तुम्हाला सगळं समजलं होतं. साहेबांनी मापं सांगितली आणि तुम्ही वहीत लिहून घेतलीत. निघताना पुन्हा "येतो मॅडम." त्या रात्री जेवताना मी तुमच्याकडे बघू शकले नाही, आणि तुम्ही मात्र मला भाकरीचा पापुद्रा काढून दिलात, नेहमीसारखा.

फलक उभा राहिला. तुम्ही रीतीप्रमाणे मागे गेलात. आपल्याच वस्तीत, आपल्याच शेजारणींना विचारायला. मी घरातून ऐकत होते. शेजारची मावशी म्हणाली, "इचारताय तर सांगते भाऊ. नळ काढा. अर्ज देऊन लय वर्सं झाली, खरा नाय तर चितरातला तरी येऊ द्या." सगळ्या हसल्या. तुम्ही हसला नाहीत. दोन दिवस त्या एका नळावर घालवलेत. पितळेची चमक, तोटीवरचा थेंब, हंड्यावरून ओघळणारं पाणी. बायका रस्त्यावर जाऊन पुन्हा पुन्हा बघून यायच्या. मावशीने तर हंडा त्याच्याखाली धरून सगळ्यांना हसवलं. माझं मात्र धाबं दणाणलं. साहेब आता काय म्हणतील!

साहेब आले, त्यांनी बघितलं, फोटो काढून घेतला. आणि अण्णा, ऑफिसात परत आल्यावर ते काय म्हणाले ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. ते थोड्या वेळाने लिहिते. आधी तुम्हाला ठाऊक आहे तेवढं.

संध्याकाळी मी घरी येऊन म्हणाले, "साहेबांनी सांगितलंय, नळ पुसा. तिथे द्राक्षं काढा."

"साहेबांनी?"

"हो."

"काय चुकलं म्हनले?"

"शोभत नाही म्हणाले."

तुम्ही बिडी विझवलीत. सकाळी पांढरा रंग कालवलात आणि नळावर हात मारायला लागलात. बायका फलकाच्या कडेला उभ्या. मावशीने विचारलं, "भाऊ, पुसता व्हय?" तुम्ही मागे न बघता म्हणालात, "वरून हुकूम हाय." तिथे द्राक्षांचा एक घड आला. त्या घडाला एरवीचा तुमचा हात लागलेला नव्हता, कोणीही काढला असता असा होता तो. पाहुणे आले, फलकासमोरून गेले, जेवले, परत गेले. फलकामागे वारा अडला, उन्हाळाभर पत्र्याने घरं भाजून निघाली, आणि पाणी आणायला आम्ही पूर्ण फलकाला वळसा घालून जात राहिलो. मीसुद्धा.

मावशीने नंतर आपल्या घरी येणं कमी केलं. तुम्ही पुढेही भिंती रंगवल्यात, पण भिंतीमागे जाऊन विचारणं सोडलंत. आईने एकदा टोकलं तर म्हणालात, "आपन कबूल करायचं आनि वरच्यानी पुसायचं. कशाला लोकांचं तोंड गोड करा?" माझी ओळ तुमच्या तोंडून अशी परत आली. मी भांडी घासत राहिले.

आता साहेब काय म्हणाले ते. ते म्हणाले, "पेंटरने कमाल केली! पाणी गोड म्हणतो आपण, त्याने ते दाखवलं. सगळ्या फलकात नळ सर्वांत चांगला." नळ त्यांना फार आवडला होता, अण्णा. इतका, की पाहुण्यांसमोर तुम्हाला स्टेजवर बोलवायचं त्यांनी ठरवलं. शाल, नारळ, आणि माइकवर दोन शब्द: नळ कसा सुचला, कुठे राहता, घरी कोण कोण. मला म्हणाले, "त्यांना निरोप द्या." मी तो दिला नाही. तुम्ही माइकसमोर उभे राहून खरं सांगितलं असतंत, दुसरं तुम्हाला येतच नव्हतं. मग सगळ्यांनी फलकामागे वाकून बघितलं असतं, आणि तिथे मी सापडले असते. म्हणून मी नळच घालवला. नळ नाही, तर विचारणार कशाबद्दल! साहेबांनी नंतर मला विचारलं, "अहो, तो नळ का पुसला?" मी म्हणाले, "पेंटरच्याच मनात आलं." साहेब हळहळले, लहरी माणूस म्हणाले, सत्काराचं सोडून दिलं, आणि समितीचं काम पुन्हा तुमच्याकडे आलं नाही.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही एकदा आपणहून विषय काढलात. म्हणालात, "त्या साहेबाचा मला राग नाय गं. नोकरमानूस. त्यालाबी कोनाची तरी भीती आसंल." मी तुमचा हात धरून बसले होते. तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तुम्ही पूर्ण शुद्धीत होतात, आणि माझ्याकडे सबंध दुपार होती. मी मोसंबं सोललं. तुम्ही माफ केलंत ते भलत्याच माणसाला, आणि मी ते होऊ दिलं.

आता वस्ती तिथे नाही, फलक नाही, मावशी कुठल्या गावाला गेली तेही माहीत नाही. एवढं लिहून झाल्यावर उगाच कपाटातून एक पाकीट काढलं. तुमचा पत्ता म्हणून मला अजून त्या वस्तीचाच पत्ता येतो, घर नंबरासकट, तोंडपाठ. आजवर तो मी एकाही कागदावर लिहिलेला नाही. आज लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात दाराची बेल वाजली. कामवाली होती. आणि मी पाकीट पटकन उशीखाली सरकवलं.